कंटेनमेंटमधील हायड्रोजनचे प्रतिमानीकरण

पाण्याअभावी अणुभट्टीचा गाभा तापला, की इंधनावरचे झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे आवरण वाफेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. हा वायू कंटेनमेंटमध्ये, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त संरक्षक वास्तूत शिरल्यावर कुठे साचेल, पेटेल का आणि पेटल्यास वास्तू टिकेल का, हे संगणकावर आधीच तपासून पाहणे म्हणजे कंटेनमेंटमधील हायड्रोजनचे प्रतिमानीकरण.

सुमारे १२००° सेल्सिअसच्या पुढे ही अभिक्रिया झपाट्याने वाढते. ती स्वतःच उष्णता देते, त्यामुळे एकदा वेग घेतला की तिला आटोक्यात आणणे कठीण जाते. १ किलो झिर्कोनियमपासून सुमारे ४४ ग्रॅम, म्हणजे सामान्य तापमान व दाबाला जवळपास अर्धा घनमीटर हायड्रोजन निघतो, आणि मोठ्या भट्टीच्या गाभ्यात झिर्कोनियम टनांनी असते. पुढे वितळलेला गाभा तळाच्या काँक्रीटवर पडला तर हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचीही भर पडते.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी, अपघात सुरू झाल्यावर सुमारे दहा तासांनी, कंटेनमेंटमध्ये हायड्रोजन पेटला. दाब एकदम उसळला, पण इमारत टिकली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाइइची येथे कंटेनमेंटमध्ये नायट्रोजन भरलेला असल्याने आत ज्वलन झाले नाही. मात्र हायड्रोजन बाहेरच्या इमारतीत झिरपला आणि तिथे स्फोट झाले. चौथ्या भट्टीत तर तेव्हा इंधनच नव्हते. तिथला हायड्रोजन तिसऱ्या भट्टीकडून सामाईक वायुनलिकांतून आला. फक्त कंटेनमेंटच्या भिंतींपुरते गणित मांडणे किती अपुरे आहे, हे यातून दिसले.

एकूण हायड्रोजन किती, यापेक्षा तो कुठे आणि कोणत्या क्षणी किती, याला महत्त्व आहे. हवेत ४ टक्क्यांपासून तो पेटू शकतो. पण वाफ ५५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिश्रण पेटत नाही. हायड्रोजन, हवा आणि वाफ यांचे हे नाते ‘शापिरो आलेख’ नावाच्या त्रिकोणी आलेखात मांडतात. खरा पेच वाफेचा आहे. दाब उतरवण्यासाठी वरून पाण्याचे फवारे सोडले की वाफ द्रवरूप होते, आणि तोवर न पेटणारे मिश्रण ज्वलनक्षम पट्ट्यात येऊन बसते. फवाऱ्यांनी वायू ढवळलेही जातात, म्हणून घुमटाखाली साचलेला हायड्रोजनचा थर मोडतो. एकच उपाय एकाच वेळी तारक आणि मारक ठरू शकतो, तेव्हा फवारे कधी सुरू करायचे याचे उत्तर हिशेबाशिवाय मिळत नाही.

हिशेबाच्या दोन पद्धती आहेत. मेलकोर, कोकोसिस यांसारख्या आज्ञावली इमारतीचे मोजके कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात वायू सारखा मिसळला आहे असे धरतात. त्यामुळे अपघाताचे कित्येक तास किंवा दिवस झटकन तपासता येतात, पण कप्प्याच्या सरासरीखाली घुमटातला दाट थर लपून राहू शकतो. गॅसफ्लोसारख्या संगणकीय द्रवगतिकीच्या आज्ञावली जागेचे बारीक तुकडे करून प्रवाह सोडवतात. त्यांना वेळ फार लागतो, आणि गार भिंतींवर वाफेचे द्रवीभवन अचूक पकडणे तिथेही कष्टाचेच असते. म्हणून स्वित्झर्लंडमधील पांडा, फ्रान्समधील मिस्त्रा व जर्मनीतील थाई या प्रयोगसंचांवरील मोजमापांशी निकाल ताडून पाहतात. सुरक्षिततेसाठी अनेक प्रयोगांत हायड्रोजनऐवजी हेलियम वापरतात. प्रत्यक्ष ज्वलन तपासायचे असेल तर मात्र हायड्रोजनच लागतो.

पेटलेली ज्योत सावकाश सरकली तर इमारतीला तिचा दाब सहसा पेलतो. वाटेतल्या नळ्या, जाळ्या, जिने यांमुळे प्रवाह खळबळला तर ज्योतीला वेग येतो आणि ती ध्वनीपेक्षा वेगवान स्फोटात, म्हणजे डिटोनेशनमध्ये, बदलू शकते. हे संक्रमण पायरीपायरीने सोडवणे मोठ्या इमारतीसाठी आवाक्याबाहेरचे असल्याने मिश्रणाची प्रसरणक्षमता आणि मोकळ्या जागेचा आकार यांवर आधारलेले सिग्मा व लॅम्डा निकष वापरतात.

प्रतिबंधासाठी नायट्रोजन भरणे, वायू थोडा असतानाच तो मुद्दाम पेटवणारे इग्नायटर आणि पुनःसंयोजक वापरले जातात. प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमवर हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र आणून त्यांचे पाणी करणाऱ्या पुनःसंयोजकाला विजेची गरज नसते, म्हणून वीज गेलेल्या भट्टीत तो मोलाचा. पण त्याचे काम संथ असते; हायड्रोजन एकदम उसळला तर तो मागे पडतो, आणि सांद्रता वाढल्यास त्याचे तापलेले पत्रेच ठिणगीचे काम करू शकतात. त्यामुळे असे किती संच कोणत्या कप्प्यात, किती उंचीवर बसवायचे, हे प्रतिमानांतून ठरवले जाते.