ससा आणि गिनी पिग एकाच पिंजऱ्यात?

फॉरवर्डमध्ये फिरतं ना, "ससा आणि गिनी पिग दोघं गवत खातात, दोघं शांत, एकत्र ठेवा, एकमेकांना सोबत होते"... ऐकायला पटतं, आणि पेट शॉपमध्ये एकाच पिंजऱ्यात बघितल्यावर तर कोणालाही खरंच वाटेल.

पण गिनी पिगचं शरीर व्हिटॅमिन सी बनवत नाही, ते रोज खाण्यातूनच लागतं, सशाचं शरीर स्वतः बनवतं. घरी असतील तर दोघांच्या खाद्याची पाकिटं शेजारी ठेवून वाचा, गिनी पिगच्या पाकिटावर व्हिटॅमिन सी वेगळं लिहिलेलं असतं, सशाच्या पाकिटावर बहुतेक नसतं. म्हणजे एकाच वाटीत काम भागत नाही.

दुसरं, बोर्डेटेला नावाचा जंतू सशाच्या नाकात काही त्रास न देता राहू शकतो आणि तोच गिनी पिगला न्यूमोनिया करू शकतो, ससा दिसायला ठणठणीत, म्हणून लक्षातच येत नाही. शिवाय सशाची मागच्या पायांची लाथ! खेळात बसली तरी त्या छोट्या जिवाचं हाड मोडू शकतं.

आणि गिनी पिग कोपऱ्यात गप्प बसलाय म्हणजे रमलाय असं नाही हां, घाबरला की तो असाच थिजतो. ससा बाहेर काढल्यावर तो लगेच फिरायला, खायला लागतो का बघा.

सोबत हवीच, पण सशाला सशाची, गिनी पिगला गिनी पिगची.