आय ७ दिसला की डोळे मिटून घ्यायचा?

चवथ जवळ आली की लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरबद्दल फॉरवर्ड फिरतोच, "आय ७ म्हणजे आय ५ पेक्षा फास्ट". एकाच पिढीत बहुतेक वेळा तसं असतंही, म्हणून पटतं. पण पिढी बदलली की गणित फिरतं. २०१६ च्या आय ७-७५००यू मध्ये कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) फक्त २, २०१७ च्या आय ५-८२५०यू मध्ये ४, म्हणजे म्हापशात सेकंडहँड लॅपटॉप बघताना नुसता स्टिकर बघून जास्त पैसे मोजले तर हळू मशीन गळ्यात पडू शकतं. विंडोज असेल तर दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) क्लिक करा, पूर्ण नंबर आणि कोर तिथेच दिसतात. डिस्क एसएसडी (जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान प्रकार) आहे का तेही बघा, कारण रोजच्या कामात खरा फरक (माझ्या मते तरी) तिथेच जाणवतो.