कोकणातल्या ताकदवान गाडीला टायर निवडताना

कंपनीतून आलेले टायर झिजले की ताकदवान गाडीच्या मालकाला पहिला धक्का किमतीचा बसतो. मग दुकानात एकच प्रश्न निघतो, "जास्तीत जास्त चालेल असा कोणता?" रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथे हा प्रश्न अपुरा आहे. ओल्या रस्त्यावर टायर जितके किलोमीटर पकड राखेल, तेवढेच त्याचे खरे आयुष्य.

नव्या टायरची खोबणी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटर उरली की कायद्याने टायर बाद. खोबणीतले छोटे उंचवटे तेच दाखवतात. पण पाण्याचा हिशेब वेगळा आहे. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे, तर २२५ मिलिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. खोबणी उथळ असेल तर पाण्याला जायला वाट मिळत नाही, टायर त्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलके पडते. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांसाठी यावर एक साधे सूत्र बसवले : पाणी खोबणीच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३६ पीएसआय हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, २५ पीएसआयला ८३. म्हणून कोकणात मी टायरचे आयुष्य ३ मिलिमीटरपर्यंतच मोजावे असे म्हणेन. झिजायला मिळणारी जाडी साडेसहाऐवजी पाच मिलिमीटर धरायची आणि किंमत त्यावर पसरायची.

टायर झिजतो तो नुसत्या चालण्याने नव्हे, तर घसरण्याने. वळण घेताना, ब्रेक लावताना, ॲक्सिलरेटर दाबताना रबर रस्त्यावर किंचित सरकते. अडॉल्फ शालामाख आणि कार्ल ग्रॉश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात रबराच्या झिजेचा कसून अभ्यास केला. त्यांच्या मोजमापांत वळणावरची झीज सरकण्याच्या कोनाच्या, म्हणजे चाकाचे तोंड आणि त्याची खरी वाट यांतल्या कोनाच्या, साधारण वर्गाने वाढताना दिसली. वळणावरचे बळ आधीच वेगाच्या वर्गाने वाढते, आणि बळाबरोबर हा कोनही. दोन्ही एकत्र केले तर झीज ढोबळमानाने वेगाच्या चौथ्या घाताने चढते. करूळ किंवा आंबा घाटातले तेच वळण ४० ऐवजी ५० ने घेतले तर टायर जवळपास अडीचपट वेगाने झिजेल. जास्त टॉर्कच्या, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर जास्त असलेल्या गाडीत वळणातून बाहेर पडताना पाय जड ठेवला की पुढच्या किंवा मागच्या, ज्या चाकांना इंजिन फिरवते त्यांची झीज आणखी वाढते. महागडा टायर घेऊनही हे गणित बदलत नाही.

आता रबराकडे येऊ. ओल्या रस्त्यावरची पकड मुख्यतः रबर दगडाच्या खडबडीत कणांवर दबून, त्यात ऊर्जा गमावून मिळवते. हीच ऊर्जा चाक फिरताना वाया गेली तर टायर तापतो आणि इंधन जाते. पूर्वी पकड, टिकाऊपणा आणि इंधनबचत यांत एकाला धरले की दुसरे निसटायचे. मग रबरात पूर्वापार मिसळल्या जाणाऱ्या काजळीच्या जोडीला, आणि बऱ्याच अंशी तिच्या जागी, सिलिका (वाळूतल्याच द्रव्याची बारीक पूड) आली. सिलिकामिश्रित रबर सावकाश फिरताना कमी आणि ब्रेकच्या धक्क्यात जास्त ऊर्जा शोषते. जांभ्याची लाल माती ट्रकमधून सांडून पहिल्या पावसात रस्त्यावर तिचा चिकट थर होतो, तेव्हा असा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. नैसर्गिक रबरही टायरमध्ये असतेच. ताणले की त्याचे रेणू रांगेत बसतात आणि भेग पुढे जात नाही. दोडामार्गाकडच्या बागांमध्ये झाडाला चीर देऊन जो चीक निघतो, त्याची ही करामत मला अजून थक्क करते.

टायरच्या बाजूला 'ट्रेडवेअर ४००' असा, झिजेला तग धरण्याचा आकडा कोरलेला असतो. अमेरिकेत ठरवलेल्या प्रमाण टायरला १०० धरून तुलना होते. ही चाचणी टेक्सासमधल्या कोरड्या प्रदेशातल्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाडी चालवून केली जाते आणि आकडा अखेर कंपनीच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी पडतो. दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये. त्याशेजारचे 'ट्रॅक्शन' अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकचे आहे, ते आधी पाहा. 'ए'पेक्षा खालचे कोकणात नको.

पैसे खरोखर वाचतात ते आकारात. २२५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम १७ इंची. या टायरची भिंत जेमतेम १०१ मिलिमीटर उंच; खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगा येतो, आणि निम्मे आयुष्य बाकी असलेला टायर फेकावा लागतो. लहान रिमच्या आत ब्रेक कॅलिपर (ब्रेकची चकती दाबणारा भाग) बसत असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत मान्य असेल, तर २०५/५५ आर १६ घ्या. एकूण व्यासात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो आणि भिंत ११३ मिलिमीटर होते. मात्र वजनाचा अंक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका : ९१ म्हणजे प्रत्येक टायर ६१५ किलो, 'व्ही' म्हणजे ताशी २४०.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पुढचे घसरले तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडल्यावर गाडी सावरते; मागचे घसरले तर गाडी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चार टायर एकदम बदला.

खरेदी मेच्या अखेरीस करा, म्हणजे खोल खोबणी पावसाळ्यात कामी येईल. भिंतीवरचे चार अंक पाहा. '०८२६' म्हणजे २०२६ चा आठवा आठवडा. चाकांची अलाइनमेंट, म्हणजे त्यांचे कोन जुळवणे, लगेच करून घ्या, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. मग समजा, नऊ हजारांचा टायर ४५ हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २० पैसे पडले. साडेसहा हजारांचा २५ हजार चालला तर २६. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासा. मेच्या उन्हात ३५ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा घाटातल्या २२ अंशांत आपोआप ३१ वर येते.