तेल न खाणारी गाडी

शिवोलीत शापोरा नदीच्या काठी माझ्या एका मित्राचं घर आहे. घरामागे माडांच्या सावलीत एक माझ्दा आरएक्स-७ ही जपानी स्पोर्ट्स गाडी उभी असते. तिचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी घुमणाऱ्या रोटरवर चालणारं. दुसऱ्या पिढीची, १९८७ ची. वडिलांनी इंग्लंडातली नोकरी संपवून गावी परतताना जहाजाने आणलेली. गेल्या पावसाळ्यानंतर ती सुरू व्हायला कुरकुर करू लागली, तेव्हा रोटरी इंजिनाचा माणूस शोधणार कुठे? शेवटी होड्यांच्या आउटबोर्ड मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीला बोलावलं. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने विचारलं, "पात्रांव, गाडी तेल कितलें खाता?"

"एक थेंबूय ना!" मित्र छाती फुगवून म्हणाला.

मेस्त्रीचा चेहरा उतरला.

आपल्या नेहमीच्या गाडीने तेल खाल्लं की रिंगा गेल्या, आता बोअर करा, हे आपल्याला पाठ असतं. रोटरीत सगळं उलटं. साध्या इंजिनात पिस्टनच्या वर आग असते आणि खाली तेल. पिस्टन वर गेला की सिलिंडरची भिंत खालून तेलाने भिजते, खाली येताना रिंग जादाचं तेल खरवडून घेते. रोटरीत ही 'खालची बाजू'च नाही. भुईमुगाच्या शेंगेसारखा मधे किंचित दबलेला डबा आणि त्यात घुमणारा, कडा फुगलेला त्रिकोणी रोटर, एवढाच मामला. रोटरच्या पोटात थंडाव्यासाठी तेल खेळतं खरं, पण ते बाहेर येऊ नये म्हणून बाजूला कड्या बसवलेल्या असतात. त्रिकोणाच्या तीन टोकांवर प्रत्येकी एक धातूची पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. या गाडीत ती जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. ही पट्टी डब्याच्या आतल्या भिंतीवर सतत घासत जाते आणि त्या भिंतीला पेट्रोलची वाफ आणि जळका धूर यांखेरीज कशाचाच स्पर्श होत नाही. म्हणजे तेल हवं असेल तर ते पेट्रोलच्याच वाटेने आत सोडायचं आणि जाळून टाकायचं. थेट टू-स्ट्रोकचा हिशेब, आणि होड्यांच्या जुन्या आउटबोर्ड मोटारीही टू-स्ट्रोकच. आउटबोर्डवाल्याचा पहिला प्रश्न तोच का होता, ते मला तेव्हा कुठे कळलं.

या पट्टीने माझ्दाच्या लोकांना सुरुवातीलाच रडवलं होतं. १९६३ मध्ये केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या इंजिनाच्या मागे लागले, तेव्हा डब्याच्या भिंतीवर आडवे ओरखडे उठत. त्यांना ते 'सैतानाची नखं' म्हणत. तो दोष तेलाचा नव्हता, पट्टीच्या थरथरण्याचा होता. तो सुटला आणि १९६७ मध्ये या इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट गाडी रस्त्यावर आली. तेलाची गरज मात्र कायम राहिली. त्यासाठी इंजिनावर एक छोटा मीटरिंग पंप असतो. तो इंजिनाच्या तळाशी साठलेलं नेहमीचंच इंजिन ऑइल मोजून पातळ नळ्यांतून पुढे ढकलतो. मित्राच्या गाडीतला पंप यांत्रिक आहे. थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेला, जोडलेला एक दांडा पंपाची लिव्हर उचलतो, म्हणून पाय दाबाल तसं तेल वाढतं. १९८९ पासूनच्या मॉडेलांत हे काम स्टेपर मोटर ही विजेवरची छोटी मोटर करते.

मेस्त्रीने हे इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं, तरी त्याने हात आधी नळ्यांनाच घातला. त्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या. गरमीने पिवळ्या पडतात, कडक होतात आणि चिरतात. एक नळी बोटाने किंचित वाकवली, तर काडीसारखी मोडली. मग त्याने मला गाडीत बसवून रेस द्यायला सांगितलं. थ्रॉटल हलत होता, पंपाची लिव्हर जागच्या जागी. दांड्याची क्लिप गायब! कधीतरी कुणीतरी काम करताना काढली असेल आणि परत लावली नसेल. बिचारा पंप सगळा वेळ कमीत कमी तेलावर चालत होता. नळीच्या टोकाच्या नोझलमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते, तीही तोंडाने फुंकून बघितली. एका बाजूने वारा गेला, दुसऱ्या बाजूने अडला. म्हणजे ठीक.

नव्या नळ्या बाहेरून मागवायच्या, म्हणजे महिना-दीड महिना जाणार. तोवर टाकीत तेल मिसळा, असं ठरलं. इथे मेस्त्रीला अडवावं लागलं. त्याच्या हिशेबाने पन्नासास एक, लिटरमागे २० मिली. रोटरीला एवढं नको. पंप बंद असेल तर लिटरमागे ८ ते १० मिली, आणि पंप चालू असून वर थोडा आधार हवा असेल तर ४ मिली, असा रोटरीवाल्यांचा रिवाज. आपला पंप बंदच धरला, तर साठ लिटरच्या टाकीला झालं अर्धा लिटर. जास्त घातलं तर प्लग काळे होतात. शिवाय तेल पेट्रोलची जागा घेतं, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल उलट कमी पडतं आणि ऑक्टेनही घसरतो. तेलही टू-स्ट्रोकचंच हवं. इंजिन ऑइलमधली कॅल्शियम, जस्ताची रसायनं जळली की राख सोडतात. टू-स्ट्रोकचं तेल जळण्यासाठीच बनवलेलं असतं. ते पेट्रोलच्या फवाऱ्याबरोबर जातं, त्यामुळे नोझलच्या थेंबापासून लांब राहणाऱ्या कोपऱ्यांतही पोचतं. म्हणूनच पंप धडधाकट असलेले लोकही थोडं मिसळतात.

पावसाळ्याचा एक घोळ वेगळाच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून टाकीत पाणी पुरेसं साठलं, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतं. तेल राहतं वरच्या पेट्रोलात आणि टाकीतला पेट्रोलचा पंप ओढतो तळाचं. म्हणून जूनमध्ये उभी करायची गाडी मिश्रण घालून ठेवलं म्हणजे सुखरूप, असं समजू नये.

तरी सकाळच्या कुरकुरीचं कारण वेगळंच निघालं. नारळ पडेल या भीतीने मित्र रोज गाडी सुरू करून दहा पावलं पुढे घेई आणि लगेच बंद करी. थंड इंजिनात जादा पेट्रोल येतं. ते जळायच्या आत इंजिन थांबलं की पट्ट्यांवरचं उरलंसुरलं तेल धुऊन जातं, आणि तेल नाही म्हणजे फटी बुजत नाहीत, कॉम्प्रेशन (आतला दाब) नाही. आता गाडी ढकलून हलवतात, नाहीतर सुरू केलीच तर चांगली गरम होईपर्यंत बंद करत नाहीत.

नळ्या आल्या, क्लिप बसली. पंपातून किती तेल पडतं ते मोजायचं तर नळ्या सोडून भांड्यात धराव्या लागतात. तेवढा वेळ इंजिनाला पंपाचं तेल मिळत नाही, म्हणून तेही टाकीत मिश्रण असतानाच उरकलं. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ते जुळलं.

दोनेक महिन्यांनी मित्राचा फोन आला. डिपस्टिक हातात धरूनच बोलत होता. "अरे, तेल अर्धं बोट खाली गेलंय!"

मागून मेस्त्रीचा आवाज ऐकू आला, "घाल मरे आनीक."