शिफ्ट सुरू होण्याआधीचं देणं

अमेरिकेतल्या बहुतेक स्ट्रिप क्लबांत नाचणारी बाई कामावर येते तेव्हा तिच्या डोक्यावर आधीच देणं असतं. त्या रात्री स्टेजवर जायचे पैसे क्लब तिच्याकडूनच घेतो. त्याला हाउस फी किंवा स्टेज फी म्हणतात. निघताना डीजे आणि बाउन्सरला वाटा द्यायचा तो निराळा. गिऱ्हाईक कमी आलं तर पदरचे पैसे घालून घरी जायचं. हे काम बाईचं शोषण करतं की तिला बळ देतं, यावरचं लेखन वाचताना मला सारखं वाटत राहतं की भांडण चाललंय कपड्यांवरून आणि खरी मेख या फीमध्ये आहे. नाचणारीने मालकाला पैसे द्यायचे, हा उलटा व्यवहार सुरुवातीपासून नव्हता.

१८६८ मध्ये लिडिया थॉम्प्सन ही इंग्रज नटी ‘ब्रिटिश ब्लॉन्ड्स’ नावाचा ताफा घेऊन न्यूयॉर्कला आली. खेळ विडंबनाचे, पुरुषांच्या भूमिकाही बायकांच्याच, आणि घट्ट विजारीतून पायांचा आकार दिसायचा. कातडी फारशी दिसत नव्हती, तरी गहजब झाला. ‘शिकागो टाइम्स’चा संपादक विल्बर स्टोरी याने या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला, तेव्हा १८७० मध्ये थॉम्प्सनने त्याला गाठून चाबकाने फोडलं आणि त्याबद्दलचा दंडही भरला. आजच्या वादातले दोन्ही पक्ष या बाईला कुठल्या रकान्यात बसवतील, मला सांगता येणार नाही.

तिने आणलेल्या या प्रकाराला अमेरिकेत ‘बर्लेस्क’ म्हणू लागले. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या मिन्स्की बंधूंच्या थिएटरांत कपडे उतरवणं हाच त्याचा मुख्य भाग झाला. जिप्सी रोझ ली ही नर्तकी एक हातमोजा काढायला एवढा वेळ लावायची आणि मध्ये एवढं बोलायची, की लोक तिच्या बोलण्यालाच यायचे. १९४० मध्ये जॉर्जिया सदर्न या नर्तकीने एच. एल. मेंकेन या पत्रकाराकडे आपल्या धंद्यासाठी जरा भारदस्त शब्द मागितला. त्याने ग्रीकमधून ‘एक्डिसिआस्ट’ घडवून दिला. मूळ अर्थ कात टाकणं. शब्द काही रुळला नाही. पण त्या काळातली एक गोष्ट आज विसरली गेली आहे: हे पगारी काम होतं आणि बर्लेस्कच्या कलाकारांची कामगार संघटनाही होती.

१९३७ मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या प्रशासनाने न्यूयॉर्कमधल्या बर्लेस्क थिएटरांचे परवाने थांबवले. नंतर काही थिएटरं उघडली, पण पाटीवर ‘बर्लेस्क’ हा शब्द किंवा मिन्स्की हे नाव लावायची सोय राहिली नाही. शहर स्वच्छ झाल्याचा आनंद अनेकांना झाला. नर्तकी, विदूषक, वादक यांचा रोजगार गेला. मग स्ट्रिपटीज थिएटरातून नाइटक्लबात आणि बारमध्ये सरकलं. कॅरल डोडा १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काँडोर क्लबमध्ये उघड्या छातीने नाचली आणि ‘टॉपलेस’ हा वेगळा धंदाच उभा राहिला.

त्याच्या आदल्या वर्षी ग्लोरिया स्टायनम या तरुण पत्रकार बाईने नाव बदलून न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात ‘बनी’ म्हणून नोकरी धरली होती. बनी म्हणजे स्ट्रिपर नव्हेत, तोकड्या वेशातल्या वेट्रेस. तिचा लेख गाजला तो पुरुषांच्या नजरांमुळे. मला त्यातला पैशाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीतली कमाई आणि हातात पडणारी कमाई यांत मोठं अंतर होतं आणि वेशाच्या धुलाईचे पैसेही बायकांच्याच कमाईतून कापले जात होते. स्त्रीवादी चळवळीने हे सूत्र तिथेच पकडलं असतं, तर पुढची वीस वर्षं कदाचित वेगळी गेली असती.

झालं असं, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चळवळच दुभंगली. १९७९ मध्ये ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ ही संघटना स्थापन झाली आणि तिच्या कार्यकर्त्या बायकांना न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरची सेक्स-दुकानं, पीप शो (पैसे टाकून काचेआडून नाच बघायची ठिकाणं) दाखवायला नेऊ लागल्या. याच बाजूच्या अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन या स्त्रीवादी लेखिकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एकाकडे पैसा आणि सत्ता आहे, दुसरीला भाडं भरायचं आहे, अशा व्यवहारातल्या ‘हो’ला मोकळी संमती कशी म्हणायची? हा मुद्दा हलका नाही. दुसऱ्या बाजूला कॅरल ली हिने ‘सेक्स वर्क’ हा शब्द रुजवायला घेतला. ती स्वतः हे काम करणारी. आमच्यावर बोलताना आमच्याच कामाला काम का म्हणत नाही, हा तिचा सवाल. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात स्त्रीवाद्यांची लैंगिकतेवर परिषद भरली, तेव्हा दारात पोर्नोग्राफीविरोधी स्त्रीवाद्यांनी निदर्शनं केली. बाईविरुद्ध बाई असं ते दृश्य होतं.

आणि नेमक्या याच काळात, संमतीच्या तत्त्वचर्चेच्या पाठीमागे, क्लबांनी हिशोब फिरवला. लॅप डान्स, म्हणजे बसलेल्या एकेका गिऱ्हाइकाला खेटून करायचा नाच, आला. पैसा स्टेजवरून गिऱ्हाइकाच्या मांडीपाशी आला. मालक म्हणू लागले, ही आमची नोकर कुठे, ही तर स्वतंत्र कंत्राटदार. आम्ही हिला फक्त जागा भाड्याने देतो. पगार गेला, त्याच्याबरोबर किमान वेतन आणि अपघाताची भरपाईही गेली. पण कोणी कधी यायचं, काय घालायचं, किती वेळा स्टेजवर जायचं, हे मालकच ठरवत राहिला. स्वातंत्र्य कागदावर, हुकूम मात्र रोजचा.

‘सक्षमीकरण’ हा शब्दही मालकांना सोयीचा पडला. तू स्वतःची मालकीण आहेस, असं एकदा म्हटलं की पगार मागायची जागाच उरत नाही.

नव्वदच्या दशकात नर्तकी कोर्टात गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओ’फॅरेल थिएटर या स्ट्रिप क्लबविरुद्ध १९९४ मध्ये सामूहिक दावा लागला आणि १९९८ मध्ये सुमारे साडेअठ्ठावीस लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच शहरातल्या लस्टी लेडी या पीप शो क्लबमध्ये तक्रार वेगळी होती. एकतर्फी काचेआडून गिऱ्हाइकं चोरून चित्रण करत होती आणि शिफ्ट वाटताना काळ्या वर्णाच्या बायकांना डावललं जात होतं. तिथल्या नर्तकींनी १९९६ मध्ये युनियनसाठी मतदान केलं, पुढच्या वर्षी करार मिळवला आणि २००३ मध्ये क्लबच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवला. तो २०१३ मध्ये बंद पडला. मालक बदलला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही.

अभ्यास काय सांगतात? ज्याला जे हवं ते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत १८ स्ट्रिपरांचं एक सर्वेक्षण झालं. त्या सगळ्यांनी क्लबात शारीरिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि विरोधक ते आजही पुढे करतात. बारा-तेरा वर्षांनी लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या जवळपास दोनशे नर्तकींना विचारलं, तर बऱ्याच जणी कामावर समाधानी निघाल्या. मात्र फी आणि दंड भरून रिकाम्या हाती परतायची वेळ त्यांच्यातल्या अनेकींवर आली होती. समाधान आणि लुबाडणूक एकाच तोंडून एकाच मुलाखतीत येऊ शकते, हे पचवणं दोन्ही छावण्यांना जड जातं.

आइसलँडने २०१० मध्ये वाद एका फटक्यात मिटवायचं ठरवलं: कर्मचाऱ्यांच्या नग्नतेवर नफा कमावायला कायद्याने बंदी. धर्मासाठी नव्हे, स्त्रीवादासाठी आणलेली बंदी म्हणून तिचं जगभर कौतुक झालं.

इकडे क्लबांतला पोलवरचा, म्हणजे उभ्या खांबावरचा, नाच व्यायामशाळांत पोहोचला होता. तिथे तो शिकणाऱ्या काही बायका २०१५ च्या सुमारास ‘मी स्ट्रिपर नाही’ असा हॅशटॅग लावून फोटो टाकू लागल्या. ज्यांनी हा नाच घडवला त्या स्ट्रिपरांनी ‘हो, मी स्ट्रिपर आहे’ असं उलट उत्तर दिलं.

२०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टार गार्डन क्लबमधल्या नर्तकींनी असुरक्षिततेची तक्रार केली आणि त्यांना क्लबचं दार बंद झालं. वर्षाहून जास्त काळ त्या बाहेर निदर्शनं करत राहिल्या, कधी चित्रविचित्र पोशाखांत. मे २०२३ मध्ये युनियनच्या बाजूने १७ मतं पडली, विरोधात एकही नाही. त्या ज्या युनियनमध्ये गेल्या ती ॲक्टर्स इक्विटी, म्हणजे रंगभूमीच्या नटांची. कात टाकून पुन्हा थिएटरातच आल्यासारखं झालं.

मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्ट्रिपरांच्या हक्कांचा कायदा झाला. धोक्याचं बटण, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, आणि फीवर मर्यादा: एका शिफ्टला १५० डॉलर किंवा त्या शिफ्टच्या कमाईच्या ३० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम. न भरलेली फी पुढच्या दिवसावर ढकलायची नाही, हेही त्यात आलं. पण नर्तकींची स्वतःची एक मागणी ऐकून बाहेरचे चकित झाले. क्लबांत दारू विकायला परवानगी द्या, असं त्या म्हणत होत्या. त्या राज्यात स्ट्रिप क्लबांना दारू विकता येत नव्हती, त्यामुळे मालकाचं मोठं उत्पन्न एकाच ठिकाणाहून यायचं: नर्तकींच्या फीमधून.