तंबू गळत नव्हता

मागच्या श्रावणात आम्ही तिघे मित्र भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्याकडेला तंबू ठोकून राहिलो. पाऊस भुरभुरत होता, म्हणून झोपताना तंबूच्या सगळ्या चेन शेवटपर्यंत ओढून घेतल्या. पहाटे चारच्या सुमाराला कपाळावर टपकन थेंब पडला. टॉर्च मारला तर छताला आतून घाम फुटलेला. "वॉटरप्रूफ म्हणून गळका माल गळ्यात मारला," एकजण करवादला. मी चेन उघडून हात बाहेर काढला. पाऊस कधीच थांबला होता.

ते पाणी आमचंच होतं. घाम आला नाही तरी माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला साधारण ६०० ते ९०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. तिघांच्या आठ तासांच्या झोपेचा हिशेब केला तर पाऊण लिटरच्या आसपास. बंद तंबूत ती वाफ गार पडलेल्या कापडाला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जे होतं तेच, फक्त इथं आपण बाटलीच्या आत झोपलेलो.

थेंब आत येऊ नये पण वाफ बाहेर जावी, असं कापड बनतं का? बनतं. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक कांडी झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कितीतरी लांब झाली आणि आतून जाळीदार निघाली. 'गोअर-टेक्स'चा पातळ पडदा त्यातूनच आला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी बारीक, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. शिवाय टेफ्लॉनला पाण्याचं वावडं, त्यामुळे थेंब छिद्रात शिरत नाही.

जॅकेटमध्ये हा पडदा छान चालतो, कारण अंगाची ऊब कापडाला लागूनच असते आणि वाफेला बाहेर रेटते. तंबूत अंग आणि छत यांच्यामध्ये हातभर गार हवा असते. त्यात आपला पावसाळा! बाहेरची हवाच वाफेनं तुडुंब भरलेली असेल तर आतल्या वाफेनं जायचं कुठं? 'एका चौरस मीटरमधून २४ तासांत इतके ग्रॅम वाफ जाते' असा आकडा लेबलवर असतो, तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत मोजलेला असतो. भीमेकाठची हवा लेबलवाल्यांना विचारून वागत नाही. म्हणून तंबूसाठी 'ब्रीदेबल', म्हणजे वाफ बाहेर सोडणारं, या एका शब्दावर जास्तीचे पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. आत जाळीची खोली, वर वाफ न सोडणारं साधं लेप दिलेलं पॉलिएस्टर, दोन्हींत वीतभर अंतर आणि वर-खाली झरोके, एवढं पुरतं. आमच्या तंबूला झरोके होते. आम्हीच ते बंद केले होते.

दुसरा आकडा मात्र नीट वाचावा: १५०० मिमी, ३००० मिमी वगैरे. कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही, असा त्याचा अर्थ. छताला १५०० पुष्कळ झाले. जमिनीची गोष्ट वेगळी. ६० किलोचा माणूस गुडघ्यांवर उभा राहिला आणि दोन्ही गुडघ्यांखाली मिळून १०० चौरस सेंटीमीटर जागा दबली, तर दाब होतो ६ मीटर, म्हणजे ६००० मिमी पाण्याएवढा. खालून ओल लागते ती अशी. खाली जाड ताडपत्री टाकावी.

नायलॉन की पॉलिएस्टर? आपल्याकडं पॉलिएस्टर. नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, आणि सोलापूरच्या उन्हात लवकर विटतं. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप उष्णतेनं आणि दमटपणानं विघटित होतो. ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला, तर पुढच्या वर्षी तो चिकट, आंबूस वासाचा निघतो.

आता सुताकडं येतो, नाहीतर सोलापूरकर म्हणून घ्यायला लाज वाटेल. आपला टॉवेल आणि जुन्या तंबूचं कॅनव्हास, दोन्ही कापसाचीच. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात, एक घट्ट, एक सैल. सैल सुताचे लूप वर येतात आणि पाणी शोषायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. कापसाच्या तंतूवरचं नैसर्गिक मेणही धुलाईत काढून टाकलेलं असतं. कॅनव्हासमध्ये सगळं उलट: ताणा-बाणा, म्हणजे उभं-आडवं सूत, ठासून विणलेला, लूप नाहीत. कोरडं असताना त्यातून हवा खेळते. पाऊस लागला की धागे फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूतही असतो. फुगून फटी बुजवण्याच्या गुणावरच इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी 'व्हेंटाइल' नावाचं दाट सुती कापड विणलं गेलं. समुद्रात पडलेल्या माणसाचं अंग कोरडं राहावं म्हणून.

कॅनव्हासचे दोष दोन: वजन आणि बुरशी. पाठीवर घेऊन गड चढायला ते कामाचं नाही. पण ट्रकमधून सामान जाणार असेल, तर त्याच्याइतका आरामशीर तंबू मला तरी माहीत नाही.

आषाढीला पंढरपुरात 'पासष्ट एकर' या वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागेत एका दिंडीच्या जुन्या कॅनव्हासच्या पालात मी पावसातून शिरलो होतो. वर कापड ओलं गच्च, आत थेंब नाही. कौतुकानं छताला बोट लावायला गेलो तर कोपऱ्यातल्या आजी ओरडल्या, "लेकरा, हात लावू नगंस, धार लागंल!" फटींमध्ये पाणी पृष्ठताणामुळं अडकून राहिलेलं असतं. बोट टेकलं की तो ताण मोडतो आणि पाण्याला बोटावरून उतरायला वाट मिळते. तोवर माझं बोट टेकलं होतं. रात्रभर त्या जागेखाली आजींनी पितळी ठेवली होती.