कार्टूनमधलं खोटं समीकरण आणि देवळालीचे कापरेकर

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेच्या १९९८ मधल्या एका भागात होमर फळ्यावर हे लिहितो (^ म्हणजे घात):

३९८७^१२ + ४३६५^१२ = ४४७२^१२

दहा अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही बाजू करून बघा. डावीकडेही ६.३९७६६५६३५ गुणिले १०^४३, उजवीकडेही तेच. मग फर्माचं शेवटचं प्रमेय गेलं म्हणायचं का? घात २ पेक्षा मोठा असला की असं समीकरण धन पूर्णांकांत जुळतच नाही, असं ते सांगतं; आणि अँड्र्यू वाइल्सची सिद्धता १९९५ मध्ये छापून आली आहे.

गोम अशी की या संख्या ४४ अंकी आहेत. पहिले दहा अंक सारखे, अकराव्या जागी मात्र एकीकडे ९ आणि दुसरीकडे ८. कॅल्क्युलेटर तिथवर पोचतच नाही, दहाव्या अंकावर पूर्णांकन करून मोकळा होतो. एक्सेल साधारण पंधरा अंकांपर्यंत हिशोब धरतं, म्हणून डाव्या बाजूतून उजवी वजा केली की शून्याऐवजी १.२१ गुणिले १०^३३ च्या आसपास उत्तर येतं.

खरं तर यंत्र लागतच नाही. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८. दोन्हींना ३ ने भाग जातो, म्हणजे डाव्या बाजूलाही जातो. ४४७२ ची बेरीज १७. भाग जात नाही, विषय संपला.

हे आकडे शोधायला मालिकेचे लेखक डेव्हिड एक्स. कोहेन यांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता. १९९५ च्या भागात त्यांचाच आधीचा नमुना दिसतो: १७८२^१२ + १८४१^१२ = १९२२^१२. तोही कॅल्क्युलेटरला फसवतो, पण सम अधिक विषम बरोबर सम कसं होईल? चौथीतलं पोर पकडेल. १९९८ चा विनोद जास्त सरस, कारण त्यात ही फट राहिलेली नाही.

अंकांच्या बेरजेचा असा खेळ नाशिककरांना परका नसावा. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. १७२९ घ्या: बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. कोहेन यांच्या ‘फ्युचुरामा’ मालिकेत हीच संख्या पुन्हा पुन्हा डोकावते. बेंडर नावाचा यंत्रमानव तर आपल्या आईचा १७२९ वा मुलगा आहे. तिथे अर्थात ती रामानुजनमुळे आली: १^३ + १२^३ आणि ९^३ + १०^३, दोन्ही १७२९.

२००६ च्या ‘सिम्पसन्स’मध्ये मैदानावरच्या पडद्यावर प्रेक्षकसंख्या ओळखायला पर्याय येतात: ८१९१, ८१२८, ८२०८ किंवा ‘सांगता येत नाही’. ८१९१ मूळ संख्या आहे, २^१३ वजा १. ८१२८ परिपूर्ण, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच. ८२०८ चे अंक प्रत्येकी चौथ्या घाताला चढवून मिळवा: ४०९६ + १६ + ० + ४०९६, पुन्हा ८२०८.

आता या तिघींवर कापरेकरांची रीत चालवू. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर तेच करत राहा. ८८२० − ०२८८ = ८५३२; ८५३२ − २३५८ = ६१७४. ८२०८ दोन पायऱ्यांत पोचली. ८१२८ ला तीन लागतात (७५३३, ४१७६, ६१७४), ८१९१ ला पाच. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते आणि तिथेच अडकते.

मुलांकडून करून घेताना एक चूक हमखास होते. २१११ − १११२ = ९९९ आलं की ती पुढे तीनच अंक धरतात; ९९९ − ९९९ = ० येतं आणि रीत फसली असं वाटतं. तिथे ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि गाडी पुढे सुरू.